पहिला कागद कुठून आणायचा? आधार, रेशनकार्ड काहीच नसलेल्या मावशींसाठी मदत हवी

शेवंती – १० नोव्हेंबर २०२५

पुण्यात हडपसरला राहते. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींसाठी हा धागा काढते आहे.

वय पंचेचाळीसच्या आसपास. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे जन्म कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, फडाशेजारच्या कोपीत. शाळा नाहीच. लग्न धाराशिव जिल्ह्यात झालं. नवरा वारला, सासरी निभाव लागेना, म्हणून मुलाला घेऊन पुण्यात आल्या. सासरच्या रेशनकार्डात त्यांचं नाव कुणी घातलंच नव्हतं. आज त्यांच्याजवळ दोनच कागद आहेत. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि मुलाच्या शाळेचं बोनाफाईड, ज्यात आईच्या नावापुढे त्यांचं नाव आहे.

आधार केंद्रावर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागतात. खोलीमालक भाडेकरार करून देत नाही, वीजबिल त्याच्याच नावावर. रेशनकार्डाला आधार हवं, बँकेला आधार हवं, पॅनलाही आधार हवं. प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा कागद मागतात. लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हाही त्या अशाच बाहेर राहिल्या.

आता विषय तातडीचा झाला आहे. डॉक्टरांनी गर्भाशयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे. महात्मा फुले योजनेत होईल म्हणाले, पण रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र आणा. इथे कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा, सुरुवात नेमकी कुठून करायची?

दगडूशेठचा शेजारी – १० नोव्हेंबर

ताई, आमच्या भागात एक जण सगळं करून देतो. तीन-चार हजार घेतो, भाडेकरार, दाखला सगळं तोच बघतो. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करू का?

वाईचा वड – १० नोव्हेंबर

वरच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. असे लोक दुसऱ्याच कुणाचा पत्ता आणि मनाला येईल ती जन्मतारीख टाकतात. पुढे मावशींना वारसनोंद, निराधार पगार, मुलाचे दाखले, प्रत्येक वेळी त्या चुकीच्या कागदाशी झगडावं लागेल. खोटी माहिती देऊन आधार काढणं हा आधार कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पकडला जातो तो अर्जदार. एजंट नामानिराळा राहतो.

शेवंतीताई, मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. उद्या सविस्तर लिहितो. तोवर एक काम करा. मावशींनी पूर्वी कधी, अगदी गावी असताना, बोटांचे ठसे देऊन आधारसाठी नोंदणी केली होती का, हे त्यांना शांतपणे विचारा. शिबिरं लागायची, लोक रांगेत उभे राहायचे, पावती हरवायची, कार्ड सासरच्या पत्त्यावर जाऊन पडायचं. तसं झालं असेल तर नवीन नोंदणी कितीदाही केली तरी आधीची सापडल्यामुळे फेटाळली जाईल, आणि कारण कुणी नीट सांगणार नाही. तेव्हा जुना क्रमांकच शोधावा लागतो. मोठ्या आधार सेवा केंद्रात नाव, जन्मवर्ष आणि ठसे यांवरून तो शोधून देतात. १९४७ वर फोन करूनही चौकशी करता येते.

शेवंती – ११ नोव्हेंबर

काका, विचारलं. त्यांनी कधीच ठसे दिलेले नाहीत. शिबिर लागलं तेव्हा त्या कारखान्यावर तोडीला होत्या, दर वर्षी असंच. दिवाळीनंतर गावात नसायच्या.

वाईचा वड – ११ नोव्हेंबर

ठीक. मग माझं म्हणणं असं.

बहुतेक लोक आधी जन्मदाखल्याच्या मागे लागतात. मावशींच्या बाबतीत तो सगळ्यात शेवटी. जन्माला वर्ष उलटून गेलं की नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला मालेगाव वगैरे ठिकाणच्या तक्रारींवरून अशा उशिराच्या नोंदींचं काम थांबवलं होतं, मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली आणि ती बरीच कडक आहे. फडावर झालेल्या जन्माची नोंद आज करायला जाल तर वर्ष तिथेच जाईल. आणि जन्मदाखलाच हवा ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना आहे. मावशींना ती लागू नाही, खिडकीवर कुणी काहीही म्हणो.

सुरुवात अशा कागदापासून करायची, ज्याला दुसरा कागद लागत नाही. जिथे माणसाची साक्ष चालते किंवा सरकारी माणूस स्वतः येऊन बघतो. असे कागद अजून आहेत, पण कुणी ते आपणहून सांगत नाही.

त्यातला पहिला म्हणजे मतदार ओळखपत्र. नमुना ६ भरायचा. आधार क्रमांक नसेल तर तसं लिहिण्याची सोय त्याच अर्जात आहे. राहण्याचा पुरावा नसेल तर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करायची असते. ज्यांना घरच नाही अशा नागरिकांसाठी तर निवडणूक आयोगाची सूचना अगदी स्पष्ट आहे. अर्जात जी जागा लिहिली तिथे तो माणूस खरोखर झोपतो का, हे बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री जाऊन बघायचं, एकाहून जास्त रात्री. कागद मागायचा नाही. पुलाखाली राहणाऱ्याला हा हक्क असेल तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला तो आहेच आहे.

दुसरं, बँकेत ‘छोटं खातं’. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते आहे. ओळखीचा कुठलाच अधिकृत कागद नसला तरी फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर ते उघडतं. बंधनं आहेत: शिल्लक ५०,००० च्या वर नाही, वर्षात जमा १ लाखाच्या आत, महिन्याला काढता येतात १०,०००. बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं की आणखी बारा महिने मिळतात. शाखेत नाही म्हणाले तर व्यवस्थापकांना ‘स्मॉल अकाउंट’ या नावानेच विचारा.

तिसरं, आधार प्राधिकरणाचा स्वतःचा प्रमाणपत्राचा नमुना. खासदार, आमदार, नगरसेवक, तहसीलदार, राजपत्रित अधिकारी, गावात सरपंच असे लोक तो भरून देऊ शकतात. अर्जदाराचा फोटो चिकटवायचा आणि सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. तारखेपासून तीन महिने चालतो. कुणाची सही ओळखीसाठी चालते आणि कुणाची पत्त्यासाठी, ते वेगवेगळं आहे, म्हणून केंद्रावरून ताजी यादी घेऊन मगच सहीला जा. लेटरहेडवर लिहून आणलेला दाखला चालत नाही, तोच नमुना लागतो. निम्मे अर्ज इथेच परत येतात.

आणखी एक. सासरच्या गावच्या जुन्या मतदार याद्या बघा. ज्या बाईचं नाव रेशनकार्डात घालायला घरच्यांना वेळ नसतो, तिचं नाव मतदार यादीत मात्र गावातल्या पुढाऱ्यांनी आठवणीने घातलेलं असतं.

पालावरची दिवेलागण – ११ नोव्हेंबर

वडकाकांनी मुद्द्याचं सांगितलं. मी सोलापूर आणि धाराशिव भागात भटक्या-विमुक्तांच्या पालांवर काम करते. मसणजोगी, पारधी, डवरी गोसावी, नाथपंथी. शेवंतीताईंच्या मावशींसारखी माणसं मी रोज बघते, म्हणून जरा मोठं लिहिते, राग मानू नका.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात दिलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हाच त्या वेळी सांगितलेला हेतू होता. म्हणून नियमांत सुरुवातीपासून तीन वाटा ठेवल्या: कागदांवर नोंदणी, कुटुंबप्रमुखाच्या आधारावर नोंदणी आणि परिचयकर्त्यामार्फत नोंदणी. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ५ तर नाव घेऊन सांगतं की महिला, ज्येष्ठ, अपंग, असंघटित कामगार, भटक्या जमाती आणि कायमचं घर नसलेले लोक यांच्या नोंदणीसाठी प्राधिकरणाने खास उपाय करावेत. मी या कलमाची मराठी प्रत पिशवीत बाळगते. केंद्रचालकाशी वाद घालत नाही, ती त्याच्या समोर ठेवते आणि नकार द्यायचा तर लेखी द्या म्हणते. बरेचदा तिथून पुढे बोलणं बदलतं.

माझ्या लोकांची अडचण आणखी जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांच्या आजे-पणज्यांची नोंद ठेवली ती फक्त पोलीस ठाण्यात, हजेरीच्या वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. पण गावाच्या दप्तरात नाव चढलं नाही, कारण गावच नव्हतं. आणि आज जातीच्या दाखल्याला विमुक्त-भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या काळी ज्याचा बाप गाढवावर संसार लादून गावोगाव फिरत होता, त्याने कुठल्या गावचा पुरावा द्यायचा? यासाठी गृहचौकशीची तरतूद आहे. अधिकारी पालावर येतो, भाषा, देव, रीतिरिवाज, नातेवाईक यांची चौकशी करतो आणि अहवाल देतो. जिथे तहसीलदार मनावर घेतात तिथे एका दिवसात अख्ख्या पालाचं काम होतं, मी होताना पाहिलं आहे. जिथे घेत नाहीत तिथे पोरं दहावीपर्यंत शिकतात आणि दाखल्याअभावी थांबतात. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, दोघांचे अध्यक्ष आपल्या मातीतले. कागद नसणं ही या समाजांची मूळ अडचण आहे हे दोघांनीही मांडलं.

शेवंतीताई, मावशी ऊसतोडीच्या आहेत, त्यामुळे आणखी एक धागा आहे. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामपंचायतीकडे आहे. त्या आता तोडीला जात नसल्या तरी त्यांचे भाऊ, दीर, मुकादम कुणीतरी त्या गावात असेल. सरपंचांकडून ‘ही अमुकची सून, इतकी वर्षं गावात होती’ असं घेता आलं तर घ्या. कोणत्या गावचं ते मला व्यनि करा, ओळखीचं कुणी असेल तर मीच फोन करते.

स्पष्ट बोलू का – १२ नोव्हेंबर

सगळे मावशींच्या बाजूने लिहीत आहेत, आणि मलाही त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण नियम कडक का झाले हेही बघा. नुसत्या आधारवर उशिराचे जन्मदाखले दिले गेले, परदेशी नागरिकांनी घेतल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशा लागल्या. तोंडी साक्षीवर ओळखपत्र द्यायला लागलो तर ज्यांना मिळू नये त्यांना आधी मिळेल. त्यांच्याकडे पैसा आहे, एजंट आहे.

वाईचा वड – १२ नोव्हेंबर

तुमची काळजी रास्त आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण मी आयुष्यभर जे पाहिलं ते सांगतो. खोटा माणूस कधी बिनकागदाचा येत नाही. त्याची फाइल भरगच्च असते, वीजबिल, भाडेकरार, शाळेचा दाखला, सगळं जागच्या जागी. मोकळ्या हाताने येतो तो बहुतेक वेळा खरा असतो. त्यामुळे कागद वाढवल्याने बनावट माणूस अडत नाही, त्याचा खर्च फक्त वाढतो. तो अडतो चौकशीने. जागेवर जा, पाच शेजाऱ्यांचे जबाब घ्या, सासरच्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला विचारा. पंचनामा कागदापेक्षा कडक असतो, कारण कागद विकत मिळतो आणि अख्खी वस्ती सहसा विकत मिळत नाही. मला नियम सैल करायचे नाहीत. नियमांत जी चौकशी लिहिली आहे ती खरोखर करावी, एवढंच मागतो.

प्रौढांच्या नव्या आधारला आता तसंही राज्य शासनाची पडताळणी लागते. अर्ज केंद्रावरून जिल्हा, तालुक्याच्या पातळीवर तपासायला जातो आणि मगच क्रमांक मिळतो. म्हणजे तुम्ही म्हणता ती चाळणी आधीच बसवलेली आहे.

स्पष्ट बोलू का – १२ नोव्हेंबर

पडताळणीचं माहीत नव्हतं. ती नीट होत असेल तर माझी हरकत नाही.

माझं गाव पेडणे – १४ नोव्हेंबर

गोव्यातून लिहिते. इथे मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू आहे, बीएलओ घरोघरी फॉर्म वाटतायत. महाराष्ट्रात अजून नाही, पण यायचंच आहे, म्हणून सांगते. जुन्या यादीत आपलं किंवा आईवडिलांचं नाव दाखवता आलं तर पुढचं सोपं जातं. माझ्या सासूबाई सावंतवाडीकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या. माहेरचं नाव एक, सासरचं पूर्ण वेगळं, आणि दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवणारा कागद एकच, लग्नाच्या नोंदणीचा. गोव्यात लग्नाची नोंद सक्तीची, म्हणून तो होता. महाराष्ट्रातल्या माझ्या मावश्यांकडे तो नाही, त्यांनी काय करायचं हा प्रश्न मला आत्तापासून पडलाय. आपल्याकडे लग्नात नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही बदलतात. पुरुषांना ही अडचण कधीच येत नाही.

लेकी-सुनांनो, लग्नाची नोंद केली नसेल तर करून घ्या. नंतरही करता येते.

शेवंती – १९ नोव्हेंबर

सगळ्यांचे खूप आभार. वडकाकांनी सांगितलं तसं जुन्या याद्या शोधल्या. २००९ च्या यादीत सासरच्या गावी मावशींचं नाव मिळालं! नवऱ्याचं नाव बरोबर, वय २९ लिहिलंय. आत्ताच्या यादीत नाही, स्थलांतरित म्हणून कमी केलं असणार. मी ते पान दाखवलं तर त्या कितीतरी वेळ नुसत्या त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. वाचता येत नाही, तरी.

नमुना ६ ऑनलाइन भरला, सोबत जुन्या यादीचं पान, मुलाचं बोनाफाईड आणि मृत्यूचा दाखला जोडला. आता दोन प्रश्न.

एक, वय. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. काय लिहायचं?

दोन, नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर सही घ्यायला नगरसेवक म्हणावं तर २०२२ च्या मार्चपासून आमच्या महापालिकेत नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत. आमदारांच्या कार्यालयात लेटरहेडवर देतो म्हणाले, नमुन्यावर नको म्हणाले.

वाईचा वड – १९ नोव्हेंबर

यादी मिळाली, फार चांगलं झालं. वयाचं उत्तर तिथेच आहे. २००९ ला २९ म्हणजे जन्मवर्ष १९८०. आता हेच वर्ष सगळीकडे, प्रत्येक कागदावर. मुलाच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात, कुठेही दुसरं सांगू नका. आधारमध्ये पुरावा नसेल तर फक्त वर्ष नोंदवता येतं आणि कार्डावर तेवढंच छापून येतं. कुणी ‘१ जून टाकू का’ म्हणालं तर नको म्हणा. आमच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलं, ते शाळेत नाव घालण्यापुरतं ठीक होतं. आता आधारची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, तेव्हा जे माहीत नाही ते लिहू नये.

आधार हा वयाचा पुरावा नाही, हेही लक्षात ठेवा. भविष्यनिर्वाह निधीने २०२४ च्या जानेवारीत तो वयाच्या पुराव्यांतून काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. पुढेमागे मावशींनी संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला तर वयासाठी मतदार यादीचा उतारा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला चालतो. विधवा म्हणून त्या पात्र ठरू शकतात, महिन्याला १,५०० मिळतात. उत्पन्नाची अट बघून घ्या.

सहीसाठी आमदारांच्या मागे लागू नका. मतदार ओळखपत्र येऊ द्या. ते ओळखीलाही चालतं आणि पत्त्यालाही, मग प्रमाणपत्राची गरजच उरणार नाही.

लिंबोणीचं झाड – १९ नोव्हेंबर

मी डॉक्टर आहे. सगळी चर्चा वाचली, पण एक गोष्ट मागे पडते आहे. शस्त्रक्रिया कागदासाठी थांबवू नका. रक्तस्राव होत असेल आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर महिने घालवणं धोक्याचं आहे. ससूनला जा, तिथे समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा, ओळखपत्र निघत असल्याची पावती दाखवा. दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत. उत्पन्नाचा दाखला मागतील, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा. सवलत नाकारली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

शेवंती – २० नोव्हेंबर

डॉक्टर, आजच घेऊन जाते. रक्तस्राव आहे.

कोकणकडा – २१ नोव्हेंबर

उत्पन्नाच्या दाखल्याचा विषय निघाला आहे म्हणून एक सांगतो. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० च्या स्टॅम्पची सक्ती करतात, ती मानू नका. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. महसूलमंत्र्यांनी २०२५ मध्ये पुन्हा तसं जाहीरही केलं. तरी कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेले लोक स्टॅम्प विकतातच.

आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदतीत दिला नाही किंवा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, वर पहिलं आणि दुसरं अपील आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही.

डॅलसची पूर्णाहुती – २२ नोव्हेंबर

थोडं विषयाला सोडून. माझ्या आईच्या ग्रीन कार्डाच्या वेळी हाच प्रश्न आला होता, तिचा जन्म १९४८ चा, दाखला नाही. नगरपालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असं पत्र आणि तिच्यापेक्षा मोठ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं दिली, ती अमेरिकेने मान्य केली. जन्माच्या वेळी हयात असलेल्या माणसाची साक्ष त्यांना पुरते. आपल्याच देशात ती का पुरू नये, असं हा धागा वाचताना सारखं वाटत होतं.

ज्यांचे आईवडील गावातच जन्मले असतील त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जरूर शोधावं. आमच्या आजोबांची नोंद तिथे मोडीत सापडली.

पालावरची दिवेलागण – २४ नोव्हेंबर

मुलाचं काय, शेवंतीताई? त्याचं आधार आहे का? नसेल तर आईच्याच बरोबरीने काढा, दहावीला अडेल. निराधार मुलांच्या आधारसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्येच ‘साथी’ नावाची मोहीम काढली आहे. मुलगा निराधार नाही, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार मावशींना स्वतःला उघडं आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. १५१०० वर फोन करता येतो. कचेरीत वकिलाचं साधं पत्र गेलं तरी फाइल हलते.

ठशांचीही तयारी ठेवा. भांडी घासून आणि ऊस तोडून बोटं झिजलेली असतात, ठसे उमटत नाहीत. तेव्हा केंद्रचालक ‘होत नाही, उद्या या’ म्हणतो. ठसे नसतील तर डोळ्यांवरून नोंदणी करायची सोय आहे, ती मागून घ्या. नव्या नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागितले तर १९४७.

शेवंती – १७ डिसेंबर

बरेच दिवस लिहिता आलं नाही. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली, मावशी आता घरी आहेत, बऱ्या आहेत. तिथल्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी नमुना ६ ची पावती आणि २००९ च्या यादीचं पान बघितलं, आमच्या इमारतीतल्या दोघींची सही घेतली आणि काम अडू दिलं नाही. लिंबोणी डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बीएलओ येऊन गेल्या. त्या शिक्षिका आहेत, शाळा सुटल्यावर पायी फिरत होत्या. खोलीत डोकावल्या, शेजारच्या दोन बायकांशी बोलल्या, मुलाची वह्या-पुस्तकं पाहिली. ओळखपत्र मंजूर झाल्याचं काल ऑनलाइन दिसलं, कार्ड पोस्टाने येईल. मुलाचं आधार शाळेतल्या शिबिरात आधीच काढलेलं आहे, ते मला माहीत नव्हतं.

खोलीमालक मात्र बीएलओ येऊन गेल्यापासून खोली सोडा म्हणतो आहे. आपल्या जागेत कुणाचं नाव लागलं की जागा जाते, असं त्याला कुणीतरी सांगितलंय.

वाईचा वड – १७ डिसेंबर

ही भीती सगळीकडे आहे आणि तिच्यात तथ्य नाही. मतदार यादीतलं नाव किंवा आधारवरचा पत्ता यांमुळे जागेवर कसलाही हक्क निर्माण होत नाही. ते फक्त राहण्याची नोंद दाखवतात. मालकाशी तुम्ही स्वतः बोला, सोबत सोसायटीतलं एखादं ज्येष्ठ माणूस न्या. ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार केला तर उलट त्याचंच संरक्षण होतं, हे पटवून द्या. खर्च मावशींवर टाकू नका.

कार्ड हातात आलं की आधार नोंदणी, आणि त्यानंतर स्वतंत्र रेशनकार्ड. सासरच्या कार्डात नावच नव्हतं त्यामुळे ‘नाव कमी केल्याचा दाखला’ मागतील, तर तिथल्या पुरवठा शाखेकडून नाव समाविष्ट नसल्याचं लेखी आणावं लागेल. दिवेलागणताईंची त्या भागात ओळख आहे, त्यांना सांगा.

पालावरची दिवेलागण – १८ डिसेंबर

मी आणते. तहसीलला माझं जाणं असतंच. नवऱ्याचं पूर्ण नाव आणि सासऱ्यांच्या कार्डाचा क्रमांक मिळाला तर व्यनि करा.

रानफूल नाशिक – १९ डिसेंबर

धागा वाचून पहिल्यांदाच इथे खातं उघडलं. आमच्या द्राक्षबागेत पेठ तालुक्यातून कामाला येणारी एक आजी आहे, साठीच्या पुढची. रेशनकार्ड आहे, आधार नाही, ठसे येत नाहीत म्हणून दोनदा परत पाठवलं. दुकानदार आधार नाही म्हणून धान्य बंद करतो म्हणतो. त्याला काय सांगू?

कोकणकडा – १९ डिसेंबर

आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलं आहे की क्रमांक मिळेपर्यंत ओळखीचं दुसरं साधन देऊन लाभ द्यायचा. प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रकही आहे, आधार नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नये असं सांगणारं. त्याची प्रत काढून दुकानदाराला द्या आणि दुसरी प्रत तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकांकडे अर्जासोबत, पोच घेऊन. आजीला डोळ्यांवरून नोंदणीसाठी नाशिकच्या मोठ्या केंद्रात न्या, गावातल्या यंत्रावर पुन्हा वेळ घालवू नका. आजीकडे मतदार ओळखपत्र आहे का, ते आधी सांगा.

रानफूल नाशिक – १९ डिसेंबर

आहे, जुनं, काळं-पांढरं. संध्याकाळी फोटो काढून बघते नाव कसं लिहिलंय ते.